५ एचपीची बोअरची मोटर जनरेटरवर उचलतच नाही, किती केव्हीए लागेल?

केळीवाला_रावेर | २९ मे, सकाळी ६:५०

राम राम मंडळी. थोडं लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

परवाच्या वादळात आमच्या शिवारातले अकरा पोल आडवे झाले, डीपी (ट्रान्सफॉर्मर) वाकली. पाऊस चार थेंब, वारा मात्र असा की शेजारच्या गोठ्याचे पत्रे माझ्या बागेत येऊन पडले. चारशेक खोडं मोडली ती मोडली. साडेचार हजार नवती (नव्या लागवडीची केळी) अजून उभी आहे, त्यातली निम्मी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली. वायरमन म्हणतो आठ दिवस धरून चाला. वर ४४-४५ चं ऊन. घड पोसायच्या दिवसांत पाणी तुटलं तर व्यापारी कसला भाव लावतो ते इथल्या लोकांना सांगायला नको.

मोटर २२० फुटांवर सोडलेली, पाणी १६०-१६५ ला. ५ एचपी थ्री फेज सबमर्सिबल, साधा डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर टाकणारा. भुसावळहून शालकाचा मंडपाचा जनरेटर आणला, ७.५ केव्हीए, थ्री फेज. माझा हिशोब असा: ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉट. ७.५ केव्हीए म्हणजे ०.८ ने गुणून सहा किलोवॉट. सव्वादोन वर शिल्लक.

हिरवं बटण दाबलं की इंजिन घुर्र करून बसतं, काळा धूर सोडतं, आणि स्टार्टर टक-टक-टक-टक करत राहतो. जनरेटरवर टेस्टला लावलेला बल्ब लाल पडतो. पाण्याचा थेंब नाही. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा हिंमत होत नाही, कारण मोटर जळली तर ती काढायला गाडी मिळेपर्यंत चार दिवस जातील.

हिशोबात चूक कुठे आहे?

---

शेवभाजी_जास्त_तिखट | २९ मे, ७:०५

हिरवं बटण काठी लावून दाबून धरा भो, उचलेल. आमच्याकडे सगळे असंच करतात.

---

चोपड्याचा_रिवाइंडर | २९ मे, ७:४०

शेवभाजी, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून माझी चूल पेटते. तीस वर्षं मोटरी भरतोय, काठीवाल्या मोटरी उघडल्या उघडल्या वासावरून ओळखतो.

केळीवाले भाऊ, आधी ते बटण सोडा. मग हिशोब.

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, बरोबर. पण ती मोटरच्या शाफ्टवर मिळणारी ताकद. सबमर्सिबल मोटर बारीक आणि लांब, तिची एफिशियन्सी ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३.७ काढायला आत ५.३ किलोवॉट घालावे लागतात. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर झाले साडेसहा केव्हीए. ४१५ व्होल्टला सव्वानऊ अँपिअर. तुमचा ७.५ चा सेट पूर्ण लोडला साडेदहा अँपिअर देतो. म्हणजे नुसती चालती मोटरच त्याला गळ्यापर्यंत आहे. सव्वादोन शिल्लक वगैरे काही नाही.

आणि हे मोटर फिरायला लागल्यानंतरचं. खरी मारामारी पहिल्या सेकंदाची आहे. थांबलेली मोटर डीओएलवर टाकली की चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. तुमच्या केसमध्ये ५० अँपिअर धरा. म्हणजे त्या क्षणाला ३५ केव्हीएच्या वर मागणी. लाईनवर हे जाणवत नाही, कारण मागे आख्खी डीपी उभी असते. साडेसातच्या जनरेटरला मात्र हा हत्ती अंगावर आल्यासारखा आहे. व्होल्टेज कोसळतं, म्हणून बल्ब लाल. स्टार्टरची कॉइल ४१५ ची, व्होल्टेज पडलं की ती पट्टी सोडते. सोडली की लोड जातो, व्होल्टेज परत वर येतं, कॉइल परत ओढते, परत पडते. तेच तुमचं टक-टक-टक. प्रत्येक टक म्हणजे मोटरला नवीन झटका आणि कॉन्टॅक्टला नवीन ठिणगी. तीनदा केलंत म्हणता, म्हणजे झटके बसले असतील पंचवीस-तीस. मोटर गरम आहे असं समजा, तासभर काही करू नका.

काठीने दाबून धरलं तर टकटक थांबेल, पण मोटर फिरणार नाही. व्होल्टेज निम्मं झालं की मोटरचा जोर निम्मा नाही, पाव होतो. जागच्या जागी कुंथत उभी राहील आणि चालू करंटच्या अडीच-तीन पट करंट पीत राहील. मिनिटभर पुरे.

सबमर्सिबल डीओएलवर असेल तर चालू लोडच्या दुप्पट ते अडीचपट सेट धरायचा. ५ एचपीला १५ केव्हीए. पंधराचा सेटही क्षणभर वाकतो, पण सावरतो, कारण पंपाला सुरुवातीला जोर कमी लागतो, स्पीड वाढेल तसा लोड येतो. भाड्याने २० मिळाला तर आणखी निवांत.

---

अनेरकाठ | २९ मे, ८:१०

मग सरळ ४० चाच आणावा ना काका? एकदाचं टेन्शन संपलं.

---

चोपड्याचा_रिवाइंडर | २९ मे, ८:२२

४० केव्हीए म्हणजे ३२ किलोवॉट. त्यावर ५ किलोवॉटचा लोड म्हणजे बैलगाडीत एक कोथिंबिरीची जुडी. डिझेल इंजिन हलक्या लोडवर तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, चार दिवसांत सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी टपकायला लागतं. निदान तीस टक्के लोड तरी पाहिजे. १५ केव्हीएवर तुमचा लोड चाळीस टक्क्यांच्या वर येतो, बरोबर बसतो.

---

जुनं_इंजिन | २९ मे, ८:३५

स्टार-डेल्टा स्टार्टर लावा की. करंट एक तृतीयांश होतो, ७.५ वरही उचलेल.

---

केळीवाला_रावेर | २९ मे, ८:४१

काका, जुनं_इंजिन दादा म्हणतात ते करता येईल का? स्टार-डेल्टा चुलतभावाकडे पडून आहे.

---

चोपड्याचा_रिवाइंडर | २९ मे, ८:५५

बोअरमधून वर केबल किती वायरची आली आहे? तीन असतील तर विषय संपला, स्टार-डेल्टाला मोटरमधून सहा टोकं लागतात. ५ एचपीच्या बोअरच्या मोटरीत जोडणी आतच करून तीन वायर बाहेर काढलेल्या असतात. मोठ्या मोटरींना डबल केबल असते, तिथे जमतं.

सॉफ्ट स्टार्टर लावून उपयोग होतो, करंट तीन पटीच्या आसपास थोपवतो. ड्राइव्ह तर अजून चांगला, हळूहळू फ्रिक्वेन्सी वाढवत नेतो, झटकाच नाही. पण वादळानंतरच्या सकाळी रावेरात ड्राइव्ह कुठे शोधणार. सेट मोठा भाड्याने घ्या.

---

जुनं_इंजिन | २९ मे, ९:१५

तीन वायरचं माझ्या लक्षात आलं नाही, माझी विहिरीवरची मोनोब्लॉक आहे.

अवांतर: आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. हँडल मारायचं ५ एचपीचं ऑइल इंजिन, डुग-डुग-डुग आवाज तीन शेतं पलीकडे जायचा. आवाजावरून कळायचं कुणाचं चालू आहे. पाणी चाळीस फुटांवर. पंप वरून वीस-बावीस फुटांच्या पलीकडे खेचत नाही, म्हणून विहिरीत टप्पा खोदून इंजिन खाली बसवायचे. आता रावेर-यावलात पाणी कुठे गेलंय बघा. ते इंजिन आज फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

आणि एक. विहिरीत उतरवलेल्या इंजिनच्या धुराने माणसं गेलेली आहेत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस तिथेच बसतो. जनरेटर उन्हात तापतो म्हणून पंपाच्या खोलीत ठेवू नका, भाऊ. बाहेर, वारं लागेल असा, वरून पत्रा.

---

शिरपूर_फाटा | २९ मे, ९:४०

भाऊ, जनरेटर नाही मिळाला तर ट्रॅक्टरवरचा अल्टरनेटर बघा. आमच्याकडे लग्नसराईत डीजेवाले वापरतात तोच. १५-२० केव्हीएचा असेल तर ४० एचपीच्या ट्रॅक्टरला जड नाही. मी मागच्या साली ५ एचपी चालवली आहे.

फक्त एक्सलेटरला हात लावून गंमत करायची नाही. अल्टरनेटर १५०० आरपीएमला फिरला तर ५० हर्ट्झ, तेवढाच धरायचा. पॅनलवर हर्ट्झचा मीटर असेल तोच घ्या. मोटर टाकली की ट्रॅक्टर दबतो, म्हणून मोकळा असताना ५२ ला ठेवायचा, लोडवर ५० ला येतो. पोराने जास्त पाणी पडेल म्हणून रेस वाढवली, मोटर पण जोरात फिरली आणि ओव्हरलोडने ट्रिप मारली. थोडा स्पीड वाढला की पंपाचा लोड केवढ्याला जातो ते तेव्हा कळलं.

---

शेवभाजी_जास्त_तिखट | २९ मे, १०:०२

बरं काठीचं सोडा. सेट आणला की जोडायचा कुठे? डीपीचा फ्यूज काढून मीटरपेटीतच वायरी मारल्या तर शेजारच्या दोन मोटरीपण चालतील, डिझेल वाटून घेता येईल.

---

फुणके_कढी | २९ मे, १०:०९

नाही. नाही. नाही.

माझे वडील लाइनवर होते, पस्तीस वर्षं. हे वाचून हात थरथरला म्हणून लिहितेय, एरवी मी इथे नुसती वाचते.

डीपी एकाच बाजूने चालते असं कुणी सांगितलं तुम्हाला? ११ हजारातून ४१५ करते, तशीच खालून ४१५ दिलं तर वर ११ हजार उभे करते. तुम्ही फ्यूज काढला म्हणता. तिन्ही काढले? शेजाऱ्याने घरचा दिवा लागावा म्हणून एक परत नाही ना बसवला? न्यूट्रल तर जोडलेलाच असतो. आणि तिकडे दोन किलोमीटरवर पोलवर माणूस चढलेला असतो. त्याला सबस्टेशनने सांगितलेलं असतं, लाइन बंद आहे.

आमचे अप्पा लाइन बंद करून परमिट घेतल्यावरसुद्धा वर चढण्याआधी तिन्ही तारांवर साखळी टाकून अर्थ करायचे. लोक हसायचे, अप्पा किती घाबरता. एका रात्री वादळानंतर साखळी टाकली आणि निळा भडका उडाला. लाइन बंद होती. गावातल्या कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीवर जनरेटर चालू होता. अप्पा घरी आले, जेवले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. आईने विचारलं तर म्हणाले, साखळी आज थैलीतून काढायचा कंटाळा आला होता.

केळीवाले दादा, तुमच्याकडे पोल उभे करायला जी माणसं येणार आहेत ती याच लाइनवर चढणार आहेत.

---

शेवभाजी_जास्त_तिखट | २९ मे, १०:२०

ताई, माफ करा. हे खरंच माहीत नव्हतं.

---

चोपड्याचा_रिवाइंडर | २९ मे, १०:४५

ताईंनी सांगितलं त्यात माझी एवढीच भर. चेंजओव्हर स्विच लावा, चार पोलचा, ३२ अँपिअरचा, म्हणजे न्यूट्रलसुद्धा तुटतो. एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत अशी त्याची रचनाच असते. ते आज मिळत नसेल तर लाइनची केबल स्टार्टरमधून पूर्ण सोडवा, टोकांना टेप मारा, बाजूला बांधा, आणि जनरेटरची केबल थेट स्टार्टरला. जोडणी तुमच्या वायरमनकडूनच करून घ्या.

अजून:

तुमच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असेलच. लाइट रात्री येते म्हणून सगळ्यांनी बसवलाय. तो काढा किंवा मॅन्युअलला टाका. नाहीतर जनरेटरला हँडल मारल्यावर इंजिन अजून खोकतंय तोवर ऑटो मोटर टाकून देईल. पाच मिनिटं इंजिन मोकळं चालू द्या, व्होल्टेज आणि हर्ट्झ बघा, मग बटण.

कपॅसिटर कुठे लावलाय? स्टार्टरच्या आधी असेल तर सोडवा, मोकळ्या जनरेटरचं व्होल्टेज तो चढवतो.

जनरेटरच्या बॉडीला अर्थिंग. खुंटी ठोकून वर दोन बादल्या पाणी ओता, तुमच्याकडची जमीन सध्या वीट झाली असेल.

पहिल्यांदा चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवा, मोटरने सूर धरला की सावकाश उघडा. पूर्ण बंद नको. आणि घरचा टीव्ही, मोबाइल वगैरे त्याच सेटवर असेल तर मोटर आधी, बाकी नंतर.

---

मेहरूणचं_बोर | २९ मे, ११:३०

शहरी प्रश्न विचारला तर चालेल का? जळगावात आमच्या अपार्टमेंटला टाकीवर पाणी चढवायला १ एचपी सिंगल फेज आहे. २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर पुरेल?

---

चोपड्याचा_रिवाइंडर | २९ मे, ११:३८

उचलला तर उचलेल, नाही तर नाही. ३ केव्हीए घ्या. आणि पार्किंगमध्ये जिन्याखाली ठेवू नका, धुराचं वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू.

---

अनेरकाठ | २९ मे, १२:१५

सोलरवाल्यांचं काय? आमच्याकडे ५ एचपी सोलर पंप आहे, ढग आले की बसतो. त्याच्या कंट्रोलरला मागून जनरेटर दिला तर?

---

शिरपूर_फाटा | २९ मे, १२:३१

पॅनलच्या टोकांना एसी दिला तर कंट्रोलर गेला म्हणून समज. काही कंट्रोलरला एसीची वेगळी जोडणी असते, तुझ्यावर तसं छापलेलं असेल तरच. मोटरही बघ, डीसी असेल तर जनरेटरवर चालायची नाहीच.

---

केळीवाला_रावेर | २९ मे, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. फुणके_कढी ताई, तुमचं लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. आबा उठून बाहेर गेले आणि मीटरपेटीला कुलूप लावून आले.

सावद्याहून १५ केव्हीए मिळाला भाड्याने, उद्या सकाळी येतोय. आता डिझेलचा हिशोब. मोटर तासाला दहा हजार लिटरच्या आसपास पाणी देते. एका खोडाला या उन्हात १८ लिटर धरले तर साडेचार हजारांना ८१ हजार लिटर, म्हणजे आठ तास. तेवढं डिझेल रोज जाळणं परवडणारं नाही. निम्मं देऊन चालेल का?

---

जुनं_इंजिन | २९ मे, रात्री १०:१५

चालेल. आठ दिवसांचा प्रश्न आहे, बाग जगवायची आहे, वाढवायची नाही. आधी निसवलेल्या खोडांचे व्हॉल्व्ह, त्यांना पूर्ण. बाकीच्यांना निम्मं. पहाटे चारला सुरू करा, ऊन चढायच्या आत बंद. मोडलेली खोडं कापून त्यांचीच पानं बुंध्याशी पसरा, ओल दोन दिवस जास्त टिकते. आणि फिल्टर धुऊन घ्या, भरलेल्या फिल्टरवर डिझेल जाळण्यात काय अर्थ आहे.

---

केळीवाला_रावेर | ३० मे, सकाळी ८:२०

अपडेट. पहाटे सेट लावला. चेंजओव्हर मिळाला नाही, लाइनची केबल सोडवून टेप मारून खांबाला बांधली. पाच मिनिटं मोकळा चालवला, ५२ हर्ट्झ. बटण दाबलं, बल्ब एकदा लाल झाला, सेट दबला, आणि मग मोटरने सूर धरला. एका दणक्यात. आबांनी नारळ आणून ठेवला होता, तो फोडायला निघाले.

पण पाणी मरतुकडं. प्रेशरचा काटा एक किलोसुद्धा दाखवेना, ड्रिपच्या नळ्या नुसत्या ओल्या. करंट सात अँपिअर. पंप गेला का?

---

शिरपूर_फाटा | ३० मे, ८:२४

उलटी फिरतेय. सेट बंद करा, तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

---

केळीवाला_रावेर | ३० मे, ८:५२

झालं! काटा दोन किलोवर, करंट नऊ. शेवटच्या ओळीपर्यंत टपकतंय. नारळ आत्ता फुटला.

---

शेवभाजी_जास्त_तिखट | ३० मे, ९:००

मस्त भो! घडं उतरली की फोटो टाका.

---

केळीवाला_रावेर | ७ जून, संध्याकाळी ७:३०

काल दुपारी लाइट आली. सात दिवस सेट चालवला, रोज पाच-साडेपाच तास. डिझेल तासाला सव्वादोन लिटर पडलं, सगळं मिळून त्र्याऐंशी लिटर, वर भाडं. बागेतली शंभरेक खोडं पिवळी पडली, ती निम्म्या पाण्यावरच्या टोकाकडची. निसवलेलं सगळं शाबूत आहे.

लाइनचे लोक आले तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं, माझ्याकडे सेट आहे, केबल सोडवलेली आहे, बघून घ्या. त्यातला एक वयस्कर होता, तो खरंच येऊन हात लावून बघून गेला. त्याच्या पिशवीत साखळी होती, ताई.

एक शेवटचं. भुसावळला सेकंडहँड १५ केव्हीए विकाऊ आहे, मालक म्हणतो ५ एचपी आरामात उचलतो. घ्यावा का? बघायला गेल्यावर काय बघू?

---

चोपड्याचा_रिवाइंडर | ७ जून, रात्री ८:०५

मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका, तो बल्ब आणि हीटर लावून दाखवेल. हीटरला स्टार्टिंग करंट नसतो. ओळखीच्या कुणाची ५ एचपी मोटर तिथे जवळपास असेल तर तीच लावायला सांगा, लागोपाठ नाही, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा. तुमचा टेस्टचा बल्ब सोबत घेऊन जा. लाल होऊन लगेच उजळला तर पुढचं बोलणं करा. लालच राहिला तर चहा पिऊन परत या.